हात लावायचा नाही

माझी सासू मला भेटली की आधी माझे हात बघते, चेहरा नंतर. मनगटं रिकामी दिसली की तिचा जीव खालीवर होतो. नवरा धडधाकट, आणि बाईच्या हातात काचेची एक बांगडी नाही! लग्न होऊन साखऱ्याला गेले तेव्हाच मी सांगून ठेवलं होतं की मी ऑपरेशन थिएटरमध्ये काम करते, तिथं बांगडी, अंगठी, नेलपॉलिश, मेंदी काही म्हणजे काही चालत नाही. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि कासाराला बोलावून हातभर हिरव्या बांगड्या भरल्या. तेव्हापासून हेच चाललं आहे. ती भरते, मी हिंगोलीला येऊन उतरवते आणि देवघरातल्या डब्यात ठेवते. डबा कधीचाच भरला. यावरून आमच्यात भांडण मात्र कधी झालं नाही.

मी हाडांच्या ऑपरेशनची सिस्टर आहे. नर्सिंग झाल्यावर बाकीच्या मुली वॉर्डात गेल्या, मी थिएटरमध्ये शिरले ती तिथंच राहिले. आमच्याकडे काम रस्ता पाठवतो. कनेरगाव नाक्याकडून येणारे ट्रकवाले, आखाडा बाळापूरच्या बाजाराहून परतणारे मोटारसायकलवाले, हळदीच्या दिवसांत पोत्यांवर बसून येताना ट्रॅक्टरवरून पडलेले गडी. मोडलेलं हाड बसवायचं, स्टीलची पट्टी लावायची, स्क्रू घट्ट करायचे. ऑपरेशन करणारे सर हात पुढं करतात, मान वर करत नाहीत, आणि त्यांना काय हवं ते मी तळहातावर ठेवते. जरा जोरात ठेवावं लागतं, म्हणजे न बघता हाताला कळतं. ही सवय घरीही आली. पोरीनं पेन्सिल मागितली की मी तिच्या तळहातावर ती चापकन ठेवायची. "मम्मी, लागतं ना!" ती म्हणायची, आणि मी म्हणायची, "बरं." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

थिएटरमध्ये चेहरे नसतात. पेशंटचा चेहरा पडद्याच्या पलीकडे, आमचे मास्कच्या आत. मला माणूस दिसतो तो गुडघ्यापासून मांडीपर्यंत, किंवा कोपरापासून मनगटापर्यंत. एकदा बाजारात एका बाईनं मला थांबवून, "सिस्टर, वळखलं का?" म्हणून विचारलं. मी नाही म्हणाले. तिनं साडी थोडी वर करून नडगीवरची खूण दाखवली आणि मी लगेच म्हणाले, "हां, तुम्ही होय!" नवरा शेजारी होता. त्यानं हा किस्सा साऱ्या गोतावळ्यात पोहोचवला. "आमची बायको माणसं न्हाई वळखत, हाडं वळखते," असं तो अजून म्हणतो. लोक हसतात. मीही हसते.

आमच्या कामात सगळ्यात मोठं काम म्हणजे हात धुणं. कोपरापर्यंत साबण, ब्रश, पुन्हा साबण. मग हात वर धरायचे, बोटं आभाळाकडे, म्हणजे पाणी कोपरावरून खाली गळतं आणि धुतलेल्या बोटांवर परत येत नाही. त्यानंतर गाऊन, ग्लोव्हज, आणि तिथून पुढं कशालाच हात लावायचा नाही. नाक खाजलं तर खाजू द्यायचं. चष्मा घसरला तर दुसऱ्या कुणाला तरी वर ढकलायला सांगायचं. कुणी जवळून गेलं तरी मागं सरायचं. सुरुवातीला हे लक्षात ठेवावं लागतं. पुढं शरीरच आपण होऊन मागं सरतं.

सुरुवातीला मला रडूही यायचं. एका कोवळ्या पोराचा पाय कापावा लागला तेव्हा मी मास्कच्या आत रडले होते, मास्क ओला होऊन श्वास घेता येईना. पुढं ते बंद झालं. कधी, ते सांगता येणार नाही. एकाच जागी फार वेळ मांडी घालून बसलं की पाय कधी बधिर झाला ते कळत नाही, उठायला गेल्यावर कळतं. तसं काहीसं. आणि खरं सांगायचं तर मला त्याचं वाईटही वाटत नव्हतं. काम चांगलं होत होतं. सर नव्या मुलींना सांगायचे, सिस्टरकडं बघून शिका. मला बरं वाटायचं, तेही बेताचंच.

घर चालत होतं. नवरा आखाडा बाळापूरला बी-बियाणं आणि खताच्या दुकानात कामाला. सकाळी निघाला की दिवेलागणीला येणार, पेरणीच्या दिवसांत त्याहून उशिरा. पोरगी तिसरीत. मी सकाळी भाकरी, भाजी, दोन डबे, तिची वेणी, सगळं उरकायची. वेणी तर इतकी घट्ट घालायची की ती दोन दिवस सुटली नसती. शाळेनंतर ती शेजारच्या काकूंकडं. सुट्टीच्या दिवशी काकू गावाला गेल्या असल्या तर माझ्याबरोबर दवाखान्यात. थिएटरच्या दाराआधी जमिनीवर एक लाल पट्टी आहे. तिच्या पुढं चप्पल नाही, बाहेरचे कपडे नाहीत, बाहेरचं माणूस नाही. पोरगी पट्टीच्या अलीकडं बाकावर बसून चित्रं रंगवायची. शहाणी होती. थिएटरच्या मावशी तिला बिस्किट द्यायच्या आणि मला येऊन सांगायच्या, "सिस्टर, तुमचं लेकरू लई गुणाचं. लाल पट्टीला पाय सुदीक लावत न्हाई." मला त्याचंही बरं वाटायचं.

श्रावणात एक दिवस आमच्याकडं मोठी केस चालू होती. ट्रकवाल्याची मांडी, हाड तीन जागी मोडलेलं. मांडी उघडलेली, पट्टी बसवायची तयारी. दुपारची वेळ. बाहेर काहीतरी आवाज झाला म्हणून मावशींनी दार उघडलं, आणि त्या अर्ध्या उघड्या दारातून मला माझी पोरगी दिसली. काकू तिच्या मागं धावत होत्या. तिचा डावा हात तिनं उजव्या हातात धरला होता आणि तो मनगटाच्या वर वाकडा झाला होता. तो हात बघताक्षणीच मला कळलं, दोन्ही हाडं. चेहरा मी नंतर बघितला. गल्लीत सायकलवरून पडली होती. काकूंनी तिला सरळ माझ्याकडं आणलं, कुणीही तेच केलं असतं.

ती रडत नव्हती. मला बघून रडायला लागली आणि पळत सुटली. लाल पट्टी ओलांडली, दार ओलांडलं, शाळेच्या बुटांसकट आत. माझ्या कमरेला मिठी मारणार, तेवढ्यात मी मागं सरले. दोन्ही हात छातीपाशी वर, बोटं वर. आणि म्हणाले, "हात लावायचा नाही!"

मोठ्यानं म्हणाले. थिएटरमधल्या आवाजात.

ती जागच्या जागी थांबली. मावशींनी तिला उचलून बाहेर नेलं. सर म्हणाले, "सिस्टर, तुम्ही जा हवं तर." माझ्या जागी उभं राहील असं दुसरं कुणी त्या वेळी नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. मी म्हणाले, "नाही सर, चालू द्या." केस पूर्ण झाली. ट्रकवाला आज चालतो. तशी वेळ पुन्हा आली तर मी पुन्हा मागं सरेन, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. समोर माणसाची मांडी उघडी होती.

नंतर तिला थोडी भूल देऊन सरांनी हाड बसवलं. कोपर मी धरलं, सरांनी मनगट ओढलं. हाड जागेवर येताना हाताला जाणवतं. मला जाणवलं, आणि मनात आलं ते एवढंच, की छान बसलं. प्लास्टर ओलं करून मीच देत होते. ती शुद्धीवर आली तेव्हा मी हातपाय धुऊन, कपडे बदलून तिच्या पलंगाशी उभी होते. "दुखतं का?" मी विचारलं. "बोटं हलव. मुंग्या येतात का?" तिनं बोटं हलवली. "नाही येत," म्हणाली. हे मी प्रत्येक पेशंटला विचारते, आणि तिनं उत्तरही पेशंटसारखंच दिलं.

पुढचे दिवस तसेच गेले. एका हाताला प्लास्टर म्हणजे अंघोळ, वेणी, कपडे सगळं मला करावं लागे. ती सांगितलं तसं करायची. वळ म्हटलं की वळायची, हात वर कर म्हटलं की वर. पण अंग चोरून. माझ्या बोटांचा चुकून गालाला स्पर्श झाला तर ती मान किंचित बाजूला घ्यायची, फार नाही, बोटभर. एरवी सकाळी उठल्यावर ती पांघरूण ओढत येऊन माझ्या मांडीवर डोकं टेकायची, मी पोळ्या लाटत असले तरी. ते बंद झालं. मला हे सगळं दिसत होतं. एक्सरेत बघावं इतकं स्वच्छ दिसत होतं. वाटत मात्र काही नव्हतं, आणि वाटत नाही याचीच मला थोडी भीती वाटायला लागली.

दिवसभर घरात कुणी नाही, काकू तरी किती बघणार, म्हणून नवऱ्यानं तिला साखऱ्याला सोडलं. प्लास्टर निघेपर्यंत, असं ठरलं. तिथं तिला आजी होती, आजोबांची शेळी होती. रोज संध्याकाळी मी फोन करायची.

"जेवलीस का?"

"हो."

"हात दुखतो का?"

"नाही."

"बरं, ठेवू?"

"बरं."

आजीशी मात्र ती तासन्‌तास बोलायची, फोनमधून मागं ऐकू यायचं. सासूबाई हळदीच्या राशीत, शेणात, पिठात हात घालणाऱ्या. त्यांनी लेकराला उचललं की फ्रॉकवर काहीतरी उमटणारच, हळद नाही तर पीठ. पूर्वी मी साखऱ्याहून आल्यावर पहिलं काम म्हणजे ते डाग घासायची आणि मनातल्या मनात चरफडायची.

एक दिवस नवरा जेवताना म्हणाला, "आई म्हणू राहिली, लेकरू तिकडंच राहू द्या. गावातली शाळा काही वाईट न्हाई. इथं तरी कोन हाय तिच्याजवळ?"

"ती काय म्हणते?"

"कोन, पोरगी? ती काही म्हणत न्हाई. आई म्हणली, महालक्ष्म्या होऊ द्या, मग लेकरालाच इचारू. ते म्हणल तिथं."

मी भाकरी मोडली, खाल्ली. मी नाही म्हणायला हवं होतं, आरडाओरडा करायला हवा होता, निदान पाणी तरी यायला हवं होतं डोळ्यांत. मी भांडी घासली. तिची गणवेशाची जोडी धुऊन इस्त्री करून ठेवली होती, ती कपाटात दिसली. दार लावून टाकलं.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी मला रजा मिळाली, तेवढीच एक. रात्रपाळीत आलेल्या एका बाईच्या खुब्याचं ऑपरेशन सकाळी उरकून तिथूनच नवऱ्याच्या मोटारसायकलवर बसले. साखऱ्याला पोहोचलो तेव्हा दुपार होत आली होती. ओसरीत धान्याच्या कोठ्यांवर दोन्ही महालक्ष्म्या नव्या साड्या नेसून उभ्या, पुढं फराळाची ताटं, आणि स्वयंपाकघरातून पुरणाचा वास. मी चपला काढून सासूबाईंच्या पाया पडायला पुढं झाले.

"थांब, माय, शिवू नको!" त्या एकदम मागं सरल्या. दोन्ही हात पुरणानं भरलेले, छातीपाशी वर धरलेले. "सवळ्यात हाय मी. निवद व्हायचाय अजून."

मी थांबले. त्या उभ्या होत्या अगदी तशीच मी रोज उभी असते.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर माझी पोरगी बसली होती, राखण करत. प्लास्टरवर तिनं फुलं काढली होती. शेजारपाजारचं कुणी आलं की ती बजावत होती, "आजीला शिवायचं नाही, सोवळं आहे." मला बघून ती उठली नाही. हसली मात्र, पाहुण्यांकडं बघून हसतात तशी. मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसले. हात मांडीवर ठेवले. तिच्या आजीनं आतून बांगड्या पाठवल्या, त्या एका बाईनं मला भरल्या. पोरगी बघत राहिली.

नैवेद्य झाला. आरती झाली. सासूबाईंनी देवींपुढं पाणी फिरवलं, आत जाऊन दोन घास खाल्ले, साडी बदलली, आणि बाहेर येऊन पहिल्यांदा काय केलं तर दोन्ही हात पसरून हाक मारली, "ये गं आता, माजं पाखरू! सुटलं सवळं!" पोरगी धावत गेली आणि प्लास्टरसकट त्यांच्या कुशीत शिरली. सकाळपासून ती याचीच वाट बघत बसली होती. सकाळपासून शिवू नको, शिवू नको ऐकत होती, आणि तिला त्याचं काडीचं दुःख झालं नव्हतं, कारण हे सुटतं हे तिला ठाऊक होतं.

थोड्या वेळानं ती माझ्याकडं आली. हातभर अंतर ठेवूनच उभी राहिली. रागानं नाही, रुसून नाही, खरंच माहीत नसल्यासारखं तिनं विचारलं,

"मम्मी, तुझं सोवळं कधी सुटतं?"

नवरा खांबाला टेकून उभा होता, तो जमिनीकडं बघायला लागला. त्या दुपारी ट्रकवाल्याची मांडी शिवून झाली होती, मी ग्लोव्हज काढले होते, गाऊन काढला होता, माझं सोवळं तेव्हाच सुटलं होतं. पण ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी येऊन बोटं हलव म्हणाले होते.

"सुटलं," मी म्हणाले. "आता सुटलं."

तिनं माझ्याकडं संशयानं बघितलं. "जेवल्याशिवाय नाही सुटत. आजीचं पण जेवल्यावरच सुटलं."

मग मी जेवायला बसले. सगळ्यांच्या आधी, पंगतीची वाट न बघता, सूनबाईनं असं बसू नये तशी. सासूबाईंनी पाहिलं आणि स्वतः पुरणपोळी वाढली, वर तूप ओतलं. पोरगी समोर बसून माझा घास न घास बघत होती. घाईघाईनं मी पोळी मोडत होते, बांगड्या वाजत होत्या, पुरण बोटांना, तळहाताला, सगळीकडं लागत होतं. इतक्या दिवसांनी छातीत काहीतरी दुखायला लागलं होतं, बधिर पाय जागा होताना दुखतो तसं, आणि मला ते नको होतं आणि हवंही होतं. पोळी अर्धी राहिली आणि मला रडू आलं. चारचौघांत, देवींसमोर, तोंडात घास तसाच.

सवयीनं मी हात धुवायला उठले. मोरीपाशी तांब्या भरून ठेवला होता. मी तिथपर्यंत गेले, मागं वळून बघितलं, तर ती माझ्या मागोमाग आली होती आणि पुन्हा हातभर अंतरावर उभी होती, धुणं संपायची वाट बघत. माझं हात धुणं किती वेळ चालतं ते तिला माहीत आहे.

मी तांब्याला हात लावला नाही. तशाच भरल्या हातांनी खाली बसले आणि तिला जवळ ओढलं. ती आधी ताठ राहिली. मग तिचं डोकं माझ्या खांद्यावर टेकलं, प्लास्टर माझ्या पाठीत रुतलं, आणि ती हुंदके देऊन रडायला लागली. श्रावणातलं रडणं तिनं तेव्हा रडून घेतलं. आम्ही मोरीपाशी किती वेळ बसलो कुणास ठाऊक. कुणी बोलावलं नाही.

ती बाजूला झाली, नाक पुसलं, मान वळवून स्वतःच्या पाठीकडं बघायचा प्रयत्न केला. नव्या फ्रॉकवर पुरणाचा अख्खा पंजा उमटला होता, पाचही बोटांसकट. ती साऱ्या घराला ऐकू जाईल अशी ओरडली,

"आजी! मम्मीनं माझा फ्रॉक खराब केला!"

आतून पोळ्या वाढता वाढता सासूबाई म्हणाल्या, "मग तिलाच धुऊ दे, माय. तू हिंगोलीला गेली की धुईल ती."

"बरं," पोरगी म्हणाली.